मदत हवी आहे: लास वेगासहून ओटमन, घाट लागणाऱ्या आईला घेऊन

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन वेगासला चाललोय. कॅसिनोत दोघांनाही काडीचा रस नाही, म्हणून एक दिवस वाळवंटातून ॲरिझोनातल्या ओटमनला जायचा विचार आहे. सोन्याच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. १९४२ मध्ये युद्धापायी सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या, पुढे दहाएक वर्षांत रूट ६६ हा जुना महामार्गसुद्धा दुसरीकडून नेला. मागे राहिली खाणवाल्यांच्या गाढवांची पिलावळ, ती आता भररस्त्यात हिंडते म्हणे.

बेत असा: हूवर धरण, किंगमन, तिथून जुन्या रूट ६६ ने कूल स्प्रिंग्ज, सिटग्रीव्ह्ज खिंड, ओटमन. परतताना लाफलिनमार्गे. जाताना साधारण १३० मैल.

अडचण आईची. तिला पसरणी घाटातसुद्धा मळमळतं. बाबा नेमके उलट, जन्मभर एसटी चालवली, त्यांना खिंडच बघायची आहे (इथे स्टिअरिंग मिळणार नाही म्हणून आत्तापासून हिरमुसलेत). खिंडीतली वळणं खरंच तेवढी वाईट आहेत का? दोघं शाकाहारी, तिथे खायला काय मिळेल? आणि गावात दुपारी लुटुपुटूच्या गोळीबाराचा खेळ होतो म्हणे, तो गाठायला किती वाजता निघावं?

प्रतिसाद १

वळणं वाईटच आहेत. रस्ता अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, ४० फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी आहे. पूर्वी ज्या गाड्यांत टाकीतून पेट्रोल आपोआप खाली इंजिनात उतरायचं त्या चढावर बंद पडायच्या, म्हणून लोक रिव्हर्समध्ये खिंड चढत. बाबांना हे नक्की सांगा, खूश होतील.

वेळेचं मात्र सांभाळा. नोव्हेंबरमध्ये ॲरिझोना वेगासपेक्षा एक तास पुढे असतं. उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, त्यामुळे आधी जाऊन आलेले हमखास गंडतात. सातला निघा. पेट्रोल वाटेतच भरून घ्या.

प्रतिसाद २

खाण्याचं: बर्गर-फ्राइज सोडून फार आशा नको, दशम्या-चटणी बांधून न्या. पण गाडीच्या काचा खाली ठेवून खाऊ नका, गाढवं सरळ आत तोंड घालतात. गाजरं नकोत, दुकानात मिळतो तोच चारा द्या. कपाळावर स्टिकर लावलेल्या पिल्लांना काहीच देऊ नका, घशात अडकतं. ही रानटी जनावरं आहेत, १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मागून जाऊ नका, लाथ बसते.

धागाकर्ता

आभार! घरात आता १ विरुद्ध १ मतं. जाता-येता दोन्ही वेळा लाफलिनकडूनच गेलो तर धरण हुकेल का?

प्रतिसाद १

नाही. बोल्डर सिटीवरून पुढे धरण बघून मागे या, मग महामार्ग ९५ ने दक्षिणेकडे. लाफलिनच्या बाजूचा चढ बराच सौम्य आहे. ओटमनला आईंना जुन्या हॉटेलात बसवा, भिंतीभर डॉलरच्या नोटा चिकटवल्यात, त्या बघण्यात वेळ जाईल. तेवढ्यात बाबांना घेऊन खिंडीपर्यंत जाऊन या, काही मैलांवरच आहे.