क्युरेटरशिपमध्ये एमए करायचंय, कोर्स कसा निवडावा?

साळुंकी:
नमस्कार मंडळी. इतिहासात बीए झालंय आणि दोन वर्षं एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात काम करतेय. पुढे क्युरेटरशिपमध्येच, म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू निवडणं, जपणं आणि मांडणं या कामातच जायचं हे पक्कं आहे. पण माहितीपत्रकं वाचून गोंधळ वाढला. कुठे म्युझियम स्टडीज, कुठे म्युझिऑलॉजी, कुठे क्युरेटिंग, कुठे हेरिटेज मॅनेजमेंट. नावं वेगळी तसं शिक्षणही वेगळं असतं का? शिवाय आधी कलेतिहासात एमए करून मग इकडे वळावं, असं एकांनी सुचवलंय. या वाटेने गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

तळघर:
शिक्षण खरंच वेगळं असतं. माझं आयुष्य वस्त्रसंग्रहात गेलंय, त्यामुळे त्या बाजूने लिहिते.

म्युझियम स्टडीज किंवा म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, यात संस्था कशी चालते ते शिकवतात: वस्तू कशी स्वीकारायची, नोंदवायची, जपायची, लोकांपुढे कशी ठेवायची. लेस्टर विद्यापीठात हा विभाग 1966पासून आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर 1952पासून. क्युरेटिंगचे कोर्स बहुतेक समकालीन कलेभोवती वाढले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा 1992चा आणि ॲम्स्टरडॅमच्या द आपेल या कलासंस्थेचा 1994चा अभ्यासक्रम ही त्यातली ठळक नावं. तिथे भर असतो तो हयात कलाकारांबरोबर काम करण्यावर आणि प्रदर्शनाची कल्पना रचण्यावर. तुम्ही हस्तलिखितांत रमलेल्या दिसता, तेव्हा मला पहिली वाट तुमची वाटते.

विभागाला एकच प्रश्न विचारा: विद्यार्थ्याच्या हातात खरी वस्तू कधी येते, आणि किती तास राहते? उत्तर गुळमुळीत आलं तर तो कोर्स सोडा.

आम्हाला पहिल्याच आठवड्यात एक रेशमी हातपंखा दिला होता आणि त्याचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कुठल्या अवस्थेत आहे त्याची नोंद, लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, ‘पंखा थोडा खराब आहे.’ बाईंनी कागद परत दिला. खराब म्हणजे कुठे? किती मिलिमीटर? चीर जुनी की ताजी? मग टॉर्च पंख्याला जवळजवळ समांतर धरला, तेव्हा तिसऱ्या घडीवरची चीर सावलीमुळे उठून दिसली. तिच्या कडेला धूळ बसलेली होती, म्हणजे ती जुनी होती. वस्तू उसनी दुसऱ्या संग्रहालयात जाते आणि परत येते, तेव्हा नुकसान कुणाकडे झालं हे याच कागदावरून ठरतं. त्या दुपारी मला पाहणं म्हणजे काय ते कळलं, आणि अजूनही नवीन मुलांना मी तिथूनच सुरुवात करायला लावते.

प्रकाशाचंही तसंच. रेशीम, जलरंग, हस्तलिखितं यांच्यासाठी साधारण 50 लक्सची (लक्स म्हणजे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजायचं एकक) मर्यादा धरतात, तैलचित्रांसाठी 200. प्रकाशाने झालेली हानी साचत जाते, दिवे मालवले म्हणून उडालेला रंग परत येत नाही. त्यामुळे एखादं पान किती महिने मांडायचं आणि किती वर्षं अंधारात ठेवायचं, हा क्युरेटरचा निर्णय असतो. हे शिकवणारी प्रयोगशाळा विभागात आहे का, ते पाहून घ्या.

दगडफूल:
तळघर यांना अनुमोदन, पण एक भर घालतो. कोर्स नुसता वस्तू सांभाळायला शिकवत असेल तर तो अपुरा आहे. मांडणीतून अर्थ कसा बदलतो, हेही तिथे घासून शिकायला मिळालं पाहिजे.

1992मध्ये फ्रेड विल्सन या कलाकाराने बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत तिथल्याच संग्रहातून एक प्रदर्शन मांडलं. चांदीची नक्षीदार भांडी आणि त्यांच्या शेजारी गुलामांच्या पायांतल्या बेड्या, दोन्ही एकाच कपाटात. वर लेबल साधंच, ‘धातुकाम’. बेड्यांना भांड्यांशेजारी आणल्याबरोबर दोन्हींचा अर्थ पालटला. ज्या विभागात अशा प्रदर्शनावर तासभर वाद घालता येतो, तिथे जा.

आणि मालकीच्या इतिहासाचा स्वतंत्र पेपर आहे का, ते जरूर बघा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970चा, नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबाबतची वॉशिंग्टन तत्त्वं 1998ची. वस्तू आपल्याकडे आली कशी, हा प्रश्न आता कुठल्याच संग्रहाला टाळता येत नाही. तुम्ही हस्तलिखितांवरचे शिक्के आणि देणगीच्या नोंदी वाचत असणारच. त्या सवयीला इथे मोठी किंमत आहे.

पिंपळपान:
दोन एमएच्या प्रश्नाबद्दल. क्युरेटरला एक विषय खोलवर यावाच लागतो, हे खरं. नाणी, वस्त्रं, छायाचित्रं, काहीही असो. पण त्यासाठी दुसरी पदवीच हवी असं नाही. प्रबंधाचा विषय नीट निवडलात तर तोच तुमचा विषय होतो. मी तसंच केलं.

संवर्धन, म्हणजे प्रत्यक्ष दुरुस्ती, हे मात्र वेगळं प्रशिक्षण आहे. त्याला रसायनशास्त्र लागतं. ते करायचं असेल तर आत्ताच ठरवा. आणि नोकरी शोधताना ‘क्युरेटर’ एवढ्याच शब्दावर थांबू नका. रजिस्ट्रार (संग्रहातल्या वस्तूंच्या नोंदी सांभाळणारा), संग्रह व्यवस्थापन, शिक्षण विभाग, बरेचजण तिथूनच पुढे जातात.

साळुंकी:
सगळ्यांचे मनापासून आभार. हातात वस्तू कधी येते, हा प्रश्न आज दोन विभागांना पाठवलाय. एका विभागाने अर्जासोबत कुठल्याही एका वस्तूचं साठ शब्दांच्या आतलं लेबल मागितलंय. घरातल्या टाइपरायटरवर लिहिलंय, बघाल का?

*‘देवनागरी टाइपरायटर. पोलाद व रबर. हे अत्यंत दुर्मीळ यंत्र म्हणजे आपल्या भाषेच्या वाटचालीचा अमूल्य वारसा आहे. याच्या सर्व कळा चालू स्थितीत असून काना उमटवणारी कळ मात्र बोटांनी गुळगुळीत झाली आहे.’*

तळघर:
‘दुर्मीळ’ आणि ‘अमूल्य’ काढा. बघणाऱ्याला काय वाटावं ते आपण आधीच सांगून टाकलं की तो वस्तूकडे बघतच नाही. वारसा शब्दही जाऊ दे. तुमचं खरं वाक्य शेवटचं आहे, त्या कानाच्या कळेचं. ते वाचून माणूस वाकून कळ शोधेल. ती कुणाच्या बोटांनी झिजली, ठाऊक आहे का?

साळुंकी:
आत्याच्या. कचेरीत टंकलेखिका होती, सत्तावीस वर्षं. यंत्र बदललं तेव्हा जुनं तिने विकत घेतलं. त्याची पावती आमच्याकडे आहे.

दगडफूल:
पावती आहे म्हणजे मालकीचा इतिहासही आला. पहिल्या ओळीत आत्याला घ्या, आणि पावतीवरची तारीखही घाला.

साळुंकी:
*‘कानाची कळ पाहा. एका टंकलेखिकेच्या सत्तावीस वर्षांच्या कामाने ती गुळगुळीत झाली आहे. कचेरीने यंत्र बदललं तेव्हा हे जुनं तिने स्वतःच्या पैशांनी विकत घेतलं.’*

पावती आईच्या ट्रंकेत आहे. तारीख रात्री बघून घालते.

तळघर:
आता पाठवा. आणि पावती उघडाल तेव्हा घडीवर जोर देऊ नका, जुना कागद तिथेच फाटतो.