मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये हिमालयात उंचावरचा ट्रेक, पाऊस टाळू की उंची?

नमस्कार,

दिंडोरी तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. बागवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. एप्रिलात खरड छाटणी होते, मग शेंडे मारणं, फुटी काढणं, फवारण्या. सप्टेंबरअखेरीस गोडी छाटणीची घाई सुरू झाली की थेट माल गाडीत चढेपर्यंत बागेतून पाय निघत नाही. म्हणजे लोक हिमालयात जातात ते मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर आमच्या हिशोबात बसतच नाहीत. काडी पिकत आलेली असते तेव्हा, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, थोडी उसंत मिळते. बोर्डोची फवारणी धाकटा भाऊ सांभाळणार आहे. पोळ्याच्या आत घरी पोचायचं. घर ते घर चौदा दिवस.

जाणार आम्ही दोघंच. मी ४६ वर्षांचा, बायको ४१. चालायची सवय दोघांनाही आहे. हरिहर, धोडप, अंजनेरी बऱ्याचदा झालेत, साल्हेर दोनदा, आणि कळसूबाईला तर ती माझ्या पुढे असते. पण कळसूबाई १,६४६ मीटर. तिच्यावर ती कधी गेलेली नाही.

मी गेलो आहे, आणि म्हणूनच हा धागा काढतोय. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर मुंबईहून विमानाने लेहला उतरलो. ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडीत घालून खारदुंग ला ला नेलं. ती खिंड ५,३५९ मीटरवर आहे. वर पोचायच्या आधीच डोकं ठणकायला लागलं, खिंडीत दोनदा उलटी झाली, बुटाची नाडी बांधता येईना. ड्रायव्हरने ओळखलं आणि न थांबता पलीकडे दिस्कितला उतरवलं. तिथली उंची तीन हजारांच्या थोडी वर. रात्री जेवलोसुद्धा. तेव्हा कळलं की पायात ताकद असणं वेगळं आणि रक्ताला त्या हवेची सवय होणं वेगळं. कळसूबाई दहा वेळा केली तरी ती सवय होत नाही. तो प्रकार बायकोच्या बाबतीत मला अजिबात नको आहे.

आता अडचण अशी. ऑगस्टमध्ये ज्या वाटा कमी उंचीच्या आहेत, त्या पावसाच्या तोंडावर आहेत. आणि ज्या वाटा कोरड्या आहेत, त्या फार उंच आहेत.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स मनात होतं. फुलं ऐन भरात असतात ती याच दिवसांत, मुक्काम घांघरियाला तीन हजार मीटरवर, बायकोला झेपेल. पण ऋषिकेशपासून जोशीमठ, गोविंदघाटपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कुठे दरडीखाली जाईल याचा नेम नाही, आणि दोन दिवस रस्त्यातच गेले तर आमचं गणित मोडतं. हम्प्ता पासचं वर्णन सगळेच करतात, की कुल्लूच्या बाजूने हिरव्या कुरणातून चढायचं आणि ४,२७० मीटरची खिंड ओलांडली की लाहौलचं उघडं वाळवंट. पण मनाली दोन हजारांवर, आणि तिथून तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिंड. माझ्या जुन्या अनुभवानंतर हे मला घाईचं वाटतं. काश्मीर ग्रेट लेक्सबद्दल ऐकून आहे, फार माहिती नाही.

राहिली लडाखची मारखा व्हॅली. पर्जन्यछायेचा अर्थ नाशिककरांना पुस्तकातून शिकावा लागत नाही. इगतपुरीत धो-धो कोसळत असतो आणि त्याच दिवशी सिन्नर-येवल्याकडे टँकर फिरत असतात, इगतपुरी सह्याद्रीच्या धारेवर, ही गावं तिच्या मागे. तसंच तिथे हिमालयाच्या मागे. पण मारखाच्या शेवटी कोंगमारू ला आहे, ५,२०० मीटरच्या पुढे. खारदुंग ला च्या जवळपास, आणि तीही पायी!

तर प्रश्न हा की, पाऊस आणि दरडींचा धोका घेऊन खाली राहू, की कोरड्या बाजूला जाऊन उंचीचा धोका घेऊ? आणि दुसरा पर्याय घेतला तर चौदा दिवसांत उंची सावकाश कशी चढवायची? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावं. जाहिराती भरपूर वाचून झाल्या आहेत.

प्रतिसाद (नाशिकरोडहून)

तुम्ही प्रश्न बरोबर मांडला आहे. माझं मत स्पष्ट सांगतो, कोरड्या बाजूला जा. उंचीचा धोका तुमच्या हातात आहे, दिवस वाढवून तो कमी करता येतो. दरड कुणाच्या हातात नाही. २०२३च्या जुलैत बियासला पूर आला तेव्हा मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता. लडाखही शंभर टक्के सुरक्षित समजू नका. ६ ऑगस्ट २०१०च्या मध्यरात्री लेहमध्ये ढगफुटी झाली आणि शेकडो माणसं गेली. म्हणून ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, आकाश कितीही निळं असलं तरी. पण एकूण विचार केला तर ऑगस्टला मारखाच.

तुमची खरी चूक खारदुंग ला नव्हती. मुंबईहून काही तासांत साडेतीन हजार मीटरवर उतरलात, ती होती. या वेळी लेहला विमानाने जाऊ नका, येताना विमान घ्या. मुंबईहून श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर), दुसऱ्या दिवशी जोजिला ओलांडून कारगिल (सुमारे २,७०० मीटर), तिथे मुक्काम. जोजिला ओलांडला की पाऊस मागे राहतो, डोंगरांचा रंगच बदलतो, तुम्हाला गाडीतून दिसेल. तिसऱ्या दिवशी फोटू ला ही ४,१०८ मीटरची खिंड लागते, पण ती गाडीतून पार होते, झोपायला खाली अल्चीला या, साधारण ३,१०० मीटर. तिथला जुना गोंपा (बौद्ध मठ) बघा. चौथ्या दिवशी लेह. पाचवा दिवस लेहमध्येच काढायचा, आणि बाजारात फिरण्यापलीकडे काही करायचं नाही. मनालीकडून येणारे बरेच जण सरचूला मुक्काम करतात, तो ४,२००च्या वर आहे आणि लोक तिथेच आजारी पडतात. तो रस्ता टाळा.

सहाव्या दिवशी स्कियूपासून चालायला लागा. मग मारखा गाव, मग हंकर. इथपर्यंत उंची हळूहळू चढते, गावात घरी राहता येतं, भात-डाळ मिळते, तंबू न्यायची गरज नाही. खरी मेख हंकर ते निमालिंग. हंकर चार हजारांच्या आसपास, निमालिंग ४,७००च्या पुढे. घाईचे लोक ते एका दिवसात करतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. तुम्ही मध्ये थाचुंगत्सेला एक रात्र थांबा. मग निमालिंग, आणि पहाटे कोंगमारू ला. खिंडीतून उतरलात की संध्याकाळी लेह. हे अकराव्या दिवशी होतं. पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा, कारण लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात.

मारखाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. खिंडीच्या आधीपर्यंत परतीची वाट उताराचीच आहे. वहिनींना हंकरला बरं वाटलं नाही तर मागे फिरायचं, दर पावलाला उंची कमीच होणार. निमालिंगचं कुरण आणि वरचं कांग यात्से शिखर नाही दिसलं तरी मारखाची दरी दिसलेली असेल. हे दोघांनी निघायच्या आधी घरी बसून ठरवा. वर गेल्यावर कुणाला माघार घ्यावीशी वाटत नाही.

नदीबद्दल. मारखा नदी आणि तिचे ओढे हिमनद्यांच्या पाण्यावर चालतात, त्यामुळे पाणी सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त. जिथे पाण्यातून जावं लागेल तिथे सकाळीच ओलांडा. आपल्याकडे पाऊस थांबला की ओढा उतरतो, तिथे ऊन पडलं की चढतो. सह्याद्रीतली सवय इथे फसवते.

प्रतिसाद

दादा, मी डॉक्टर आहे, स्वतःही ट्रेकला जाते. वरच्या प्रतिसादातला आराखडा चांगला आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा साधारण नियम आहे. त्यात तो जवळपास बसतो.

तुम्हाला पूर्वी त्रास झाला आहे, तर जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी) नक्की बोला. मित्राकडून गोळी घेऊन खाऊ नका. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. वहिनींना रक्तदाब किंवा पंडुरोग आहे का, तेही तपासून घ्या. आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं फार आढळतं आणि त्यांना ते माहीत नसतं. दम लागला की वय झालं म्हणतात.

वर गेल्यावर नुसतं डोकं दुखणं आणि मळमळ असेल तर तिथेच थांबा, वर चढू नका. पण बसल्या जागी धाप लागायला लागली, खोकला वाढला, किंवा सरळ रेषेत टाच-बोट लावून चालता येईना, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. सकाळची वाट बघायची नाही. तुमची नाडी बांधता येत नव्हती ना? ते हलकं लक्षण नव्हतं. तुमच्या ड्रायव्हरने फार मोठं काम केलं.

आणि एक, श्रावण आहे म्हणून विचारते. वहिनी सोमवार करतात का? त्या दिवसांत उपास करू देऊ नका. पोटात काही असलं पाहिजे, पाणी पुरेसं प्यायला पाहिजे.

मूळ धागाकर्ता

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोघांनी बसून हे सगळं वाचलं. श्रीनगर-कारगिलचा रस्ता ठरला. लेहला उतरणारं विमान मी बघतही नव्हतो, पण मुंबई ते श्रीनगर बघायचं हे डोक्यात आलं नव्हतं.

ताई, तुमचं वाचून बायकोने आज सकाळी दिंडोरीला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४ आलं. कळसूबाईला माझ्या पुढे चालणारी बाई! डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत आणि दीड महिन्याने पुन्हा तपासायला सांगितलं आहे, म्हणजे जुलैच्या शेवटी. ती म्हणते जायचंच. मी म्हटलं, आकडा बघू आणि मग तिकीट काढू. सोळा सोमवारांची गोष्टही झाली. सासूबाईंना विचारून त्या दोन सोमवारी फराळाचं भरपूर खायचं असं ठरलं आहे.

काका, निमालिंगच्या आधी मागे फिरायचं ते आम्ही लिहूनच काढलं. दोघांपैकी कुणीही एकदा म्हटलं की फिरायचं, दुसऱ्याने का विचारायचं नाही. तोवर दर रविवारी ब्रह्मगिरी, पाठीवर आठ किलो घेऊन.

आता एवढंच सांगा. पाणी ओलांडताना पायात काय घालायचं? बागेत घालतो ते गमबूट पाण्याने भरले तर ओढून नेतील असं वाटतं, आणि अनवाणी गोट्यांवरून जाण्याची बायकोची तयारी आहे पण माझी नाही. पट्ट्याच्या सँडलवर भागेल का? आणि स्कियूहून सामानाला घोडा आधी सांगून ठेवावा लागतो की तिथे गेल्यावर मिळतो?