कपाळ मोकळं का? कोल्हापूरच्या ख्रिस्ती बायकांनो, आपापले अनुभव लिहा

शाहूपुरीची सून

सर्वांना सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आम्ही महिला मंडळाच्या सात-आठ जणी चर्चच्या आवारात बोलत उभ्या होतो. त्या दिवशीचं वचन बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायातलं होतं, ‘ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका’. पाळकसाहेबांनी छान उलगडून सांगितलं. पण बाहेर आल्यावर एक जण म्हणाली, ‘वचन पाठ आहे गं, पण शेजारीण कुंकवाचा करंडा घेऊन समोर उभी राहिली की काय बोलायचं ते कोण सांगणार?’ मग एकेकीचं निघत गेलं आणि जेवणाची वेळ टळून गेली. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, त्यानंतर इथं ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. आपल्या आज्या-पणज्यांनी यातलं किती सोसलं असेल, पण आपल्याला ते फक्त तोंडी आणि अर्धवट माहीत आहे. आपलं तरी लिहून राहावं म्हणून हा धागा काढला आहे.

माझं आधी लिहिते. लग्नानंतरची पहिली संक्रांत होती. शेजारच्या काकूंकडं हळदीकुंकू. जावं की न जावं यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘जा, माणसं तोडायची नाहीत.’ सतरंजीवर बायका बसलेल्या, काकू एकेकीपुढं वाकत येत होत्या. कुंकवानं माखलेलं त्यांचं बोट माझ्या कपाळाशी आलं तसं मी हळूच म्हणाले, ‘काकू, मला नको, आम्ही लावत नाही.’ बोट तिथंच थांबलं. नखाच्या कडेला साठलेलं कुंकू मला अजून दिसतं. खोलीतलं बोलणंही थांबलं होतं. काकूंनी बोट पुसलं, माझ्या मनगटावर अत्तर लावलं, हातात तिळगूळ आणि वाणाची स्टीलची वाटी दिली आणि पुढच्या बाईकडं वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘मग आलीच कशाला?’ ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत होतं. पण काकू दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या आणि म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी पण यायचं.’ आता सोळा वर्षं झाली. दर संक्रांतीला माझ्या वाट्याचं अत्तर वेगळं काढून ठेवलेलं असतं.

महाद्वार रोड, कपड्याचं दुकान

मी बावीस वर्षांची असताना नोकरीला लागले. मालक सरळ म्हणाले, ‘टिकली लाव, गिऱ्हाइकाला बरं दिसतं. सणासुदीला मोकळ्या कपाळाची पोरगी काउंटरला नको.’ घरी पैशाची फार गरज होती. मी लावली. रोज सकाळी दुकानाच्या दारात लावायची आणि संध्याकाळी केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर काढून पुढच्या सीटच्या पाठीला चिकटवायची. महिनाभर असं चाललं. एकदा उन्हाळ्यात घामानं कपाळावर गोल पांढरा डाग उठला. आजीनं तो बघितला आणि काही न बोलता खोबरेल तेल लावलं. तिनं रागवायला पाहिजे होतं असं मला वाटलं. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, उद्यापासून लावणार नाही, काम मात्र दुप्पट करीन. त्यांनी काढून टाकलं नाही, पण मागं गोदामात साड्यांच्या घड्या मोजायला बसवलं. पाच महिने. दिवाळीला काउंटरची मुलगी आजारी पडली म्हणून मला पुढं आणलं, तेव्हा एका गिऱ्हाइकानंसुद्धा माझं कपाळ बघितलं नाही. बायकांना पदर बघायचा असतो, काठ बघायचा असतो. मी अजून तिथंच आहे.

शिरोळ तालुका, माहेरवाशीण

वरच्या दोघींना बाहेरच्यांनी त्रास दिला. मला आपल्याच माणसांनी दिला, म्हणून सविस्तर लिहिते.

वडील गेले. मागं आई, दोन भाऊ आणि मी. नदीकाठचं 27 गुंठे रान. वारसनोंद करायच्या आधीच मोठा भाऊ हक्कसोडपत्राचा कागद टाइप करूनच घेऊन आला. ‘सगळ्याच बहिणी करतात,’ म्हणाला. खरंच करतात. आमच्या आत्यांनी केली, मावशीनं केली. पेढ्याचा पुडा आणि एक साडी घेऊन अंगठा दिला. मी म्हटलं, वाचून सही करते. तेवढ्यावरच वहिनीचा चेहरा उतरला.

एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी सांगितलं ते मला चाळिशीपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं: आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सगळे सारखे. म्हणजे आईला 9 गुंठे आणि आम्हा तिघांना 6-6. सगळ्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क 2005 च्या दुरुस्तीनं आला. आपल्या बायकांचा हक्क 1925 पासून कागदावर पडून आहे आणि आपण पेढ्यावर सह्या करतोय.

मग चर्चमधल्या वडीलधाऱ्यांची बैठक बसली. ‘ख्रिस्ती बहिणीला हे शोभत नाही, प्रीती सगळं सहन करते,’ असं मला ऐकवलं. मी पवित्र शास्त्र घेऊनच गेले होते. गणना, 27वा अध्याय उघडला आणि सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट वाचली. बापाला मुलगा नव्हता, तर त्या मोशेपुढं उभ्या राहिल्या आणि वतन मागितलं. देव म्हणाला, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एक वडील म्हणाले, ‘त्यांना भाऊ नव्हता, तुला दोन आहेत.’ बरोबर बोलले ते. मी म्हटलं, ‘मला भावांचं काही नको, त्यांचे सहा-सहा गुंठे त्यांनी घ्यावेत.’

सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. रान धाकटा भाऊच करतो, मी एक रुपया मागितलेला नाही. मोठा दोन वर्षं बोलला नाही. 2019 च्या महापुरात घरात छातीएवढं पाणी आलं, तेव्हा आईला घेऊन तो माझ्याच दारात आला. अकरा दिवस सगळे इथं राहिले. जमिनीबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. जाताना माझ्या मुलीच्या हातावर शंभर रुपये ठेवले. अजून सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही, खोटं कशाला सांगू.

दवाखान्यातली, शिफ्टवरून लिहितोय

मी अडतीस वर्षांची, लग्न केलेलं नाही. नको होतं म्हणून नाही केलं. दर नाताळला कुणीतरी कुणाचा तरी विधुर भाऊ काढतंयच. प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे, अविवाहित राहणं चांगलं म्हणून. ते आपल्यात फक्त पुरुषांना वाचून दाखवतात काय? आता पेशंट बोलावतोय, राहिलेलं नंतर लिहितो.

कसबा बावडा

मी टिकली लावते, आणि मी ख्रिस्ती आहे. हा धागा वाचून मला जरा वाईट वाटलं.

आईकडून आलेली सवय आहे. आरशात स्वतःला बघताना टिकली नसली की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. त्यात माझी कुठली पूजा नाही. पण प्रभुभोजनाच्या रविवारी एका बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या कपाळावरची टिकली नखानं काढली होती. ज्यांना बाहेर टिकली लावायला लावली त्यांचं दुःख मला कळतं, कारण ती आत काढायला लावण्याचं दुःखही तसंच असतं. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या सिस्टर्स म्हणतील ते सगळं त्यांनी मान्य केलं नाही. जेवण शाकाहारीच ठेवलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नकोत, असं विचारलं. त्यांची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणेल का?

शाहूपुरीची सून

कसबा बावड्याच्या ताई, माफ करा. धाग्याचं नाव देताना मी माझ्या बाजूनंच विचार केला. तुमचं दुखणं यात आलंच पाहिजे होतं. ती टिकली काढली गेली तेव्हा आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही, ही आमची चूक.

मंगळवार पेठ, विधवा

माझे मालक 2014 मध्ये गेले. मातीवरून आल्यावर नात्यातल्या एका थोरल्या बाईनं माझं मंगळसूत्र धरलं. काळे मणी आणि मधे छोटा सोन्याचा क्रूस. लग्नात पाळकांनी प्रार्थना करून दिलेलं. मी ते मुठीत घट्ट पकडलं. क्रूसाची टोकं तळहातात रुतली. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण मूठ सोडली नाही. चर्चमध्ये विधवेनं काही उतरवायचं असं कुठं लिहिलंय? तरी आपल्यातही हे चालतं.

2022 च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं त्याच महिन्यात सगळ्या गावांना तसं परिपत्रक काढलं. पेपर वाचून मी रडले. आठ वर्षं उशिरा कुणीतरी मला बरोबर म्हणालं. त्या नाताळला मोरपंखी साडी नेसून गेले. बघणाऱ्यांनी बघितलं. पाळकीणबाई शेजारी येऊन बसल्या आणि गीताचं पुस्तक माझ्यासमोर धरलं.

इचलकरंजी, विद्यार्थिनी

माझा प्रश्न फॉर्मवरच्या रकान्याचा. आमचे पणजोबा महार समाजातून ख्रिस्ती झाले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीची सवलत ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. शिखांना ती 1956 मध्ये, बौद्धांना 1990 मध्ये मिळाली. म्हणून कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चालतं. आई म्हणाली, ‘कागदावर राहू दे तसं, देवाला मन कळतं.’ मी ‘ख्रिस्ती’ लिहिलं. हवं ते कॉलेज मिळालं नाही. माझ्या मामेबहिणीनं जुना दाखला चालवला, आज ती चांगल्या नोकरीत आहे. मी तिला दोष देत नाही, तिच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. जातीचा मार आम्हाला बाप्तिस्म्यानंतरही चुकला नाही, मग सवलत का चुकली, हे मात्र मला कुणीतरी सांगा.

आणि एक विचारायचं होतं. सोमवारी मी एका शाळेत शिकवायला रुजू होतेय. तिथं रोज सकाळी देवीच्या फोटोला हार घालून आरती होते, नवीन बाईंनी ताट धरायचं असं ऐकलंय. पहिल्याच दिवशी काय बोलू?

महाद्वार रोड, कपड्याचं दुकान

ताट हातात येईपर्यंत थांबू नको. सोमवारी अर्धा तास आधी जा, मुख्याध्यापकांना एकटीच भेट आणि सांग, ‘आरतीच्या वेळी मी मुलांच्या रांगेत शांत उभी राहीन, ताट धरणार नाही.’ कारण विचारलं तर एका वाक्यात सांग, वाद घालू नको. मी महिनाभर गप्प राहिले आणि मग सांगणं फार जड गेलं. शनिवारी पाच वाजता माझी सुट्टी होते, दुकानाखाली ये. चहा घेऊ आणि काय बोलायचं ते दोघी मिळून एकदा म्हणून बघू.