‘माझा रिफ्लेक्सच तसा आहे’: हे वर्णन की सबब?

कडूकारले (धागाकर्ता)

हल्ली काही वाक्यं फार कानावर येतात. ऑफिसात साहेब ज्युनिअरवर खेकसतात आणि वर म्हणतात, ‘मनावर घेऊ नकोस रे, माझा रिफ्लेक्सच तसा आहे.’ घरात वाजलं की ‘मी ट्रिगर झाले’. टीव्हीवरच्या चर्चेत प्रत्येक निर्णय ‘प्रतिक्षिप्त क्रिया’. आणि समोरच्या पक्षाच्या समर्थकांना हिणवायचं असेल तर रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा, खूण दिसताच लाळ गाळणारा कुत्रा दावणीला बांधलेलाच असतो.

माझं म्हणणं असं की हे शब्द नुसते चुकीचे नाही, सोयीने चुकीचे वापरले जातात. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजेच रिफ्लेक्स. संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो, तिथूनच मांडीच्या स्नायूला हुकूम सुटतो, मेंदूला मागाहून कळतं. त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. खेकसण्याचं तसं नाही. त्यात निवडलेले शब्द असतात, समोर कोण उभं आहे याचा हिशोब असतो. हेच साहेब मोठ्या साहेबांपुढे कधी खेकसत नाहीत. हातोडी कुणाच्या हातात आहे हे बघून गुडघा थांबत नाही हो.

आपल्याकडे यासाठी ‘खोड’ असा सरळ शब्द होता. ‘खोड मोडीन’ असा दम देता येतो. रिफ्लेक्स मोडीन म्हणून कोण दम देणार?

चौथी_स्लिप

+१. उलट बाजूनेही घोळ आहे. स्लिपमध्ये कुणी झेल घेतला की समालोचक ‘काय रिफ्लेक्स आहेत!’ म्हणतात. १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात. गुडघ्याचा झटका त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. म्हणजे झेल हा काही गुडघा नव्हे. त्यामागे सरावातले हजारो झेल असतात, बॅटचा कोन बघून आधीच बांधलेला अंदाज असतो. त्याला रिफ्लेक्स म्हणणं म्हणजे त्या बिचाऱ्याची मेहनत पुसून टाकणं.

मानस_पाटी

पूर्ण असहमत. धागाकर्त्यांनी जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया घेतली आणि तीच काय ती खरी असं ठरवून टाकलं. मी मानसशास्त्र शिकवते. ‘अभिजात अभिसंधान’ (क्लासिकल कंडिशनिंग) नावाचा धडाच मुळी शिकलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांवर आहे. पाव्हलॉव्हना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. ते काम चालू असतानाच दिसत होतं की अन्न तोंडात पडण्याआधी, ते आणणाऱ्या माणसाला पाहूनच कुत्र्यांना लाळ सुटते. पुढची सगळी वर्षं त्यांनी यावर घालवली. तेव्हा ‘शिकलेलं आहे म्हणजे ते रिफ्लेक्स नव्हे’ हे शास्त्राच्या नावावर खपवू नका.

एक उदाहरण देते, कुत्र्याचं नको, माणसाचं. कॅन्सरसाठी केमो चालू असलेल्या काही रुग्णांना पुढच्या खेपेला औषध टोचण्याआधीच मळमळायला लागतं. हॉस्पिटलचा वास आला, ती खोली दिसली की पुरे. कुणी ठरवून केलेलं नसतं. ही काय खोड म्हणायची?

कडूकारले

मळमळ, लाळ, घाम, छातीतली धडधड… ही यादी आहे तेवढी तुम्हाला दिली. माझा आक्षेप बोलण्यावर आहे. ‘गाढवा, एवढंही कळत नाही?’ हे वाक्य लाळेसारखं सुटत नाही. त्यात व्याकरण आहे.

सुईदोरा

व्याकरणाचं माहीत नाही. ‘ट्रिगर’बद्दल बोलते, कारण तो शब्द तुम्ही जाता जाता उडवून लावलात. आमचे वडील रात्री पिऊन यायचे. दाराची कडी कशी वाजते यावरून पुढची रात्र कळायची. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण कडी जोरात आपटली की आजही माझे खांदे आखडतात आणि समोर नवरा असला तरी आवाज चढतो. हो, बोलणंही त्यातच आलं. खांदे कुठे संपतात आणि वाक्य कुठे सुरू होतं, ते मला तरी वेगळं काढता येत नाही. मला खूप उशिरा एक शब्द मिळाला, ज्याने नवऱ्याला समजावता आलं. तो चार लोक फुकट वापरतात म्हणून माझ्याकडून काढून घेऊ नका.

कडूकारले

सुईदोराताई, तुमच्याकडून कुणी काढून घेत नाहीये. मी म्हणतोय ते हेच, की चहात साखर कमी पडली म्हणून ‘ट्रिगर’ होणाऱ्यांनी तो तुमच्याकडून पळवलाय.

तिहाई

मूळ विषयाला जरा बगल. ‘मसल मेमरी’वर कुणी बोललंच नाही. तबल्याच्या क्लासला नवीन मुलं येतात ती म्हणतात, ‘सर, मसल मेमरी तयार व्हायला किती दिवस?’ अरे, स्नायूला कसली आठवण! ते काम अनुमस्तिष्काचं (लहान मेंदूचं) आणि मेंदूच्या आत खोल असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यांचं. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा रुग्ण होता. १९५३ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे पूर्वी केलंय हे त्याला दर वेळी ठाऊकच नसे. म्हणजे हाताला येतं आणि माणसाला आठवत नाही, असं खरंच होऊ शकतं. आमच्यात याला ‘हात बसला’ म्हणतात. त्यात रियाज गृहीत असतो. आपोआप कुणाचा बसत नाही.

परदेशी_पावणा

न्यू जर्सीत आल्यावर पहिले काही आठवडे प्रत्येक वळणावर माझे वायपर फिरायचे. इंडिकेटरची दांडी इथे डावीकडे, उजवीकडे वायपरची. कोरड्या ठणठणीत उन्हात काच पुसत मी चाललोय, मागचे हॉर्न मारतायत! रिफ्लेक्स म्हणा, खोड म्हणा, बायको ‘बावळटपणा’ म्हणायची. हलके घ्या.

दवाखाना_बंद

डॉक्टर आहे, म्हणून गुडघ्याची बाजू मांडतो. धागाकर्ते समजतात तेवढा तोही मेंदूपासून सुटा नाही. पाय नीट उडत नसेल तर आम्ही रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतो. येंड्रासिक या हंगेरियन डॉक्टरांची ही १८८५ ची युक्ती. तसं केलं की झटका जोरात येतो. म्हणजे रुग्ण वरच्या मजल्यावर काय करतोय याचा खाली फरक पडतो. अस्सल रिफ्लेक्स आणि ‘माणसाने केलेलं’ यांच्यात तुम्ही जी भिंत घातलीय तिला बरीच दारं आहेत.

कडूकारले

दारं असतील, पण भिंत आहे ना? आणि दारं असली तर तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. गुडघ्यावरही वरून परिणाम होत असेल, तर जिभेला तर मुळीच सूट नको. आणि ‘खोड’ म्हटलं की ती मोडायची असते हे त्या शब्दातच आलं. ‘रिफ्लेक्स’मध्ये ते येत नाही.

मानस_पाटी

तेही येतं, आणि जास्त नेमकेपणाने येतं. खूण दिसली पण अन्न आलंच नाही, असं पुन्हा पुन्हा झालं की कुत्र्याची लाळ कमी होत होत थांबते. याला विलोपन म्हणतात. पण गंमत पुढे आहे. मध्ये थोडा काळ जाऊ दिला आणि तीच खूण परत दाखवली, तर थोडी लाळ पुन्हा सुटते. शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, त्यावर दुसरं काहीतरी शिकलेलं असतं. म्हणून तुमचा ‘खोड मोडीन’ हा दम ऐकायला बरा असला तरी त्याने काम होत नाही. तुमचे साहेब आठवडाभर गोड बोलतील आणि तिमाही संपत आली की पुन्हा खेकसतील. त्यांना शब्द कुठला वापरता यावर बंदी घालण्यापेक्षा, खेकसल्यावर दर वेळी त्यांना काय मिळतं ते बघा. ज्युनिअर मुकाट्याने रात्री दहापर्यंत थांबतो, हे मिळतं. तोवर लाळ सुटत राहणार.