'अहंकाराचा विलय', 'मीपण जाणं' की 'चकवा'?

कुळीथपिठी (रत्नागिरी): एका लेखाचा अनुवाद अडलाय. एलएसडी हे भ्रम घडवणारं द्रव्य घेतलेला माणूस सांगतो की काही वेळ नाव, गाव, गोळी घेतल्याचंसुद्धा आठवेना. आठवणारा 'मी'च जागेवर नव्हता. मी लिहिलं 'अहंकाराचा विलय'. संपादक म्हणाले, वाचकाला वाटेल गडी नम्र झाला!

शुद्धलेखक: 'अहंविलय' करा. प्राचीन सांख्य तत्त्वज्ञांपासून अहंकार म्हणजे 'मी'ची जाणीवच. लोकांनी त्याचा गर्व केला, त्यात शब्दाचा काय दोष?

खडखडेलाडू: साधं 'भान हरपलं' म्हणा की.

शुद्धलेखक: भान दशावतार बघतानाही हरपतं. पहाटे घर सापडतंच ना?

वेंगुर्ल्याचो: आमच्याकडे 'चकवो लागलो' म्हणतत. आजोबा एकदा रात्री तिठ्यावरून निघाले ते तीनदा त्याच वडाखाली. सांगायचे, वाटेचं सोड, कोणाचं घर शोधतोय तेच सुटलं होतं.

शुद्धलेखक: चकव्यात वाट हरवते, वाटसरू नाही.

वेंगुर्ल्याचो: तुम्ही होतात काय थंय?

दवाखानाबंद: कुणी 'धोतरा खाल्ल्यासारखा' सुचवण्याआधी सांगतो. धोतऱ्यातली अॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं मेंदूत निरोप पोचवणाऱ्या अॅसिटिलकोलिनला अडवतात. माणूस बरळतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला बहुधा काही आठवत नाही. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथातही धोतरा चारून चोरी केल्याची हकिकत आहे. एलएसडी आणि काही अळिंब्यांतलं सायलोसायबिन सेरोटोनिन या दुसऱ्याच निरोप्याच्या २ए ग्राहींवर (पेशीवरच्या त्याच्या निरोप घेणाऱ्या जागांवर) काम करतात. तिथे 'मी' गेल्याचं पुष्कळदा नंतर आठवतं, म्हणून तर तुमचा माणूस लेखात बोलतोय.

कुळीथपिठी: मग 'स्मृती जाणं' वेगळं आणि 'मीपण जाणं' वेगळं. 'मीपण गळणं' चालेल?

शुद्धलेखक: ते संतांचं. आयुष्यभराच्या साधनेचा शब्द गोळीला देऊ नका.

खडखडेलाडू: आपलं 'लागणं' बघा ना. चकवा लागतो, भूत लागतं, सुपारी लागते. 'गोळी लागली' का नको?

दवाखानाबंद: पोलिसांना फोन जाईल.

खडखडेलाडू: पुण्यात म्हटलं 'सुपारी लागली', तर मैत्रीण विचारते कुठे लागली, दाखव!

शुद्धलेखक: 'लग्' धातू, चिकटणे. लग्नही लागतंच.

वेंगुर्ल्याचो: सुपारी लागली तर घाम फुटता, गरगरता, पण नाव इसरणत नाय. आजी वर पाणी पाजी.

खडखडेलाडू: आमच्याकडे गूळ देत.

कुळीथपिठी: अहो, उद्या सकाळी द्यायचंय मला हे.

वेंगुर्ल्याचो: गूळ कसलो? मीठ. आणि सुपारी ओली होती की भाजकी?