लघवी निसटण्याच्या तक्रारीबाबत सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-३०४ : नमस्कार. सासूबाईंच्या परवानगीने लिहीत आहे. त्यांचे वय ६८ असून खोकला किंवा शिंक आली की त्यांना लघवी निसटते, त्यामुळे वर्षभर त्यांनी लग्नकार्याला जाणेही सोडले आहे. डॉक्टरांनी पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणाऱ्या स्नायूंचे व्यायामोपचार, सुचवली आहे. मोबाइलवर पाहून त्या कीगल व्यायाम, म्हणजे हे स्नायू आवळून सोडण्याचा सराव, करतात. तेवढे पुरेसे नाही का? सी-६०१ मधील फिजिओथेरपिस्ट ताईंनी कृपया सांगावे.

सी-६०१ : साडेचार वर्षांचे बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) झाल्यावर मी आधी हाडांच्या विभागात काम करत होते. कंबरदुखीसाठी येणाऱ्या बायका उपचार संपवून दारापर्यंत जात आणि तिथे थांबून, आवाज खाली आणून लघवीची तक्रार सांगत. दारातली ती वाक्ये ऐकूनच मी पदव्युत्तर शिक्षणासाठी स्त्री-आरोग्याकडे वळले.

पहिल्या भेटीत मी व्यायाम शिकवण्याची घाई करत नाही. लघवी खोकताना निसटते की न्हाणीघरापर्यंत पोहोचण्याआधीच होते, बाळंतपणे किती झाली, टाके पडले होते का, बद्धकोष्ठता आहे का, अंग बाहेर आल्यासारखे वाटते का, हे सारे विचारते आणि पाणी, चहा व लघवीच्या वेळा किमान तीन दिवस लिहून आणायला सांगते. या वहीतून बऱ्याचदा कळते, की बाईंनी निसटण्याच्या भीतीने पाणीच तोडले आहे. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशय उलट अधिक चिडते.

अंतर्गत (योनीमार्गातून करायची) तपासणी कशासाठी हे समजावून, संमती मिळाली तरच करते. ती मध्येच थांबवायला सांगता येते आणि नको असेल तर बाहेरूनही बराच अंदाज घेता येतो. या तपासणीत स्नायू सैल नसून सतत आवळलेले आढळले, तर आणखी आवळण्याने दुखणे वाढू शकते. अशा वेळी आधी श्वासाबरोबर ते सोडायला शिकावे लागते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा दाब मोजणारे उपकरणही वापरले होते, म्हणजे योग्य स्नायू आवळला जातो आहे का, हे स्त्रीला दिसत असे. मोबाइलवरच्या चित्रफितींत नेमके तेच गळले आहे.

डी-२०३ : प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर मलाही हाच त्रास झाला होता. हा उपचार पुरुषांसाठीही असतो का?

सी-६०१ : हो काका, असतो. फक्त शस्त्रक्रियेनंतर कधी सुरू करायचा, हे तुमच्या सर्जनना विचारून ठरवू.

ए-३०४ : फरक किती दिवसांत पडतो?

सी-६०१ : खोकताना निसटण्याच्या तक्रारीत ब्रिटनची ‘नाइस’ ही उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणारी संस्था देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, दर वेळी किमान आठ आकुंचने सुचवते. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून काकूंनी सोडू नये. खोकला येतो आहे असे वाटताच आधी स्नायू आवळायची सवय मात्र लवकर लागते. लघवी करताना धार अडवून सराव करू नये. लघवीत रक्त दिसल्यास आधी डॉक्टरांकडे जावे.

ए-३०४ : सासूबाई विचारत आहेत, की मी आत सोबत बसले तर चालेल का?

सी-६०१ : अवश्य. पण काही प्रश्न मी त्यांना एकटीलाच विचारीन, तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा.