मदत हवी आहे: युक्रेनच्या इतिहासावर काय वाचू?

मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर मला युक्रेनबद्दल बोलायचं आहे. युद्धाच्या बातम्या सगळ्यांनी ऐकल्यात, मला त्यामागची ओळख मांडायची आहे. १८७६ मध्ये झारने युक्रेनियन भाषेतल्या छपाईवर जवळपास बंदीच घातली, १९३२-३३ च्या दुष्काळात (मानवनिर्मितच तो!) लाखो माणसं गेली, डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला पडली. इथपर्यंत ठीक.

अडतंय ते १६५४ च्या पेरेयास्लाव करारापाशी. युक्रेनच्या कोसॅक लढवय्यांचा नेता बोहदान ख्मेल्नीत्स्कीने रशियाच्या झारशी केलेला हा करार सोव्हिएत काळात रशिया-युक्रेनचं 'पुनर्मीलन' म्हणून शिकवला गेला. युक्रेनचे बरेच इतिहासकार त्याला लष्करी युती मानतात. दोन्ही बाजू नीट मांडणारं मराठीत, नाहीतर सोप्या इंग्रजीत काही आहे का?

शिवाय खार्किव, ओडेसाकडे घरात रशियन बोलणारेही स्वतःला ठामपणे युक्रेनियन म्हणवतात. हे मला सर्वात जास्त समजून घ्यायचंय. तिकडे मेडिकलला शिकलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. व्हॉट्सअॅप फॉरवर्ड मात्र नकोत, ते पोत्याने आहेत माझ्याकडे.